बोलक्या माणसाबरोबर फुटाळ्याच्या काठाने

नागपूरला समुद्र नाही, ही अफवा पुण्या-मुंबईच्या लोकांनी उठवली आहे. आम्हाला समुद्र आहे. त्याचं नाव फुटाळा तलाव. त्याच्या काठाला आम्ही बिनदिक्कत चौपाटी म्हणतो. तिथे भेळ मिळते, भाजलेलं कणीस मिळतं, तरुण जोडपी पाण्याकडे पाठ करून एकमेकांकडे बघत बसतात, आणि सूर्य रोज न चुकता पलीकडच्या झाडांत बुडतो. समुद्राकडून माणसाला आणखी काय हवं असतं? फरक म्हणाल तर एकच. इतर समुद्रांना दिवसातून दोनदा भरती येते, आमच्याला वर्षातून एकदा. संक्रांतीनंतर ओहोटी लागते ती थेट जूनपर्यंत, आणि भरती पुरी व्हायला पोळा उजाडतो. इतकी निवांत भरती कोकणाला परवडायची नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यातल्या दोन कोकणच्या किनाऱ्यावर घडतात आणि दोन्ही मी फुटाळ्याच्या काठाने चालत रचल्या. वाचक विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले, वेंगुर्ल्याकडचे का?" मी गूढ हसतो. मूळचा मी धरमपेठेतला. खरा समुद्र मी पाहुण्यासारखा पाहिलाय, लांबून आणि चहा घेत. पण लाट म्हणजे काय, वारा फिरला की पाण्याचा रंग कसा बदलतो, पाण्याकडे बघत माणसं काय काय कबूल करतात, हे सगळं मला फुटाळ्यानं शिकवलं. फुटाळ्यानं आणि माझ्या मित्रानं.

हा मित्र गांधीबागेत साड्यांच्या दुकानात सेल्समन होता. त्याचं तोंड हळूहळू बंद होत गेलं आणि आता ते उघडण्याची काहीही आशा नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी चांगल्या बातमीची वाट बघणार नाही. आणि मी हे हसतखेळत सांगतोय, त्याचंही कारण तोच. रडकं तोंड करून त्याच्यासमोर गेलं की तो हातानं हाकलून देतो.

त्याचं दुकानातलं काम बघायला मी मुद्दाम जायचो. पांढऱ्या गादीवर बसून तो साडी उलगडत नसे, उधळत असे. गिऱ्हाईक बाईनं 'नको' म्हणेपर्यंत ती साडी तिच्या खांद्यावरून ओघळलेली असे. बाई फारच नाठाळ निघाली तर हा मिशाळ, पोट सुटलेला माणूस उठून उभा राही, पदर स्वतःच्या डोक्यावरून घेई आणि दुकानाच्या आरशासमोर लाजून दाखवी.

"ताई," तो म्हणायचा, "ही नेसून तुम्ही लग्नाले गेल्या नं, तर नवरीची माय तुम्हाले पंगतीत बसवणार नाही. जळून राहील ते!"

लग्नाचा बस्ता घ्यायला अख्खं खानदान आलं की मालक त्यालाच बसवायचे. सासूचा मान, नणंदेचा रुसवा, नवरीच्या बापाचा कोरडा पडलेला घसा, सगळं तो एकटा सांभाळायचा. बोलून. त्याच्याजवळ दुसरं हत्यार नव्हतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही फुटाळ्याच्या बांधावरून चालायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. माझी लिहिण्याची रीतच तिथे ठरून गेली होती. रात्री डोक्यात आलेलं प्रकरण मी चालताना त्याला सांगायचो आणि त्यातली माणसं तो बोलायचा. कोळीण तोच, तिचा दारुडा नवरा तोच, बंदरावरचा साहेब तोच. मी नुसता प्रसंग द्यायचो, "ती दारात उभी आहे, तो आत येतो," आणि हा सुरू. कधी मी लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडात द्यायचो. ते अडलं की तो थांबायचा.

"हे कोणी बोलत नाही गा."

"काहून?"

"हे छापलेलं बोलते. माणूस असं बोलला तर बायको पाणी आणून देईल, काही झालं का म्हणून."

मी ते वाक्य काढून टाकायचो. माझ्या कोळणी पहिल्यांदा अशा खणखणीत नागपुरी बोलायच्या. घरी येऊन मी त्यांना मालवणात पाठवायचो, एवढंच.

त्या चालण्याला ऋतूप्रमाणे खाणं होतं. थंडीत काटोलहून त्याचा मेव्हणा संत्र्यांची पेटी पाठवायचा. आम्ही दोन्ही खिसे भरून निघायचो आणि सालं कुठे टाकायची म्हणून परत त्याच खिशांत भरायचो. माझ्या कोटाला मार्चपर्यंत संत्र्याचा वास येई. धुकं असलं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. अशा वेळी तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "पाह्य, आज अरबस्तान दिसून नाही राहिलं." उन्हाळ्यात पाणी मागे जायचं आणि चिखलातून कुणाची चप्पल, फुटका मग, गणपतीच्या आतली काठ्यांची चौकट असं काय काय वर यायचं. तो प्रत्येक वस्तूचा इतिहास सांगायचा. चपलेवर त्यानं एकदा पाऊण तास काढला होता. ती एका विम्याच्या एजंटाची होती आणि तो एजंट दुसऱ्या चपलेच्या शोधात अजून गोंदियाकडे फिरत होता.

आणि बारा महिने तेरा काळ त्याच्या गालात खर्रा असायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला ते घोटतो, घोटत राहतो, ओलसर एकजीव होईपर्यंत. नागपुरात माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी पन्नी पुढे करतात. माझा मित्र गादीवर बसतानाही गालात ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला कळू न देता बोलायची त्याची कला अशी की आवाज उलट जास्त गोड वाटायचा.

मग त्याला नात झाली. मुलगी माहेरी आली, त्यानं बाळ मांडीवर घेतलं आणि मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या तोंडाले तंबाखूचा वास येते. पोरगी तोंड फिरवून राहिली." त्याच दिवशी त्यानं तंबाखू सोडला. आयुष्यभराचा तंबाखू, एका वाक्यावर! असा निग्रह माझ्या कुठल्याच नायकाला मी आजवर देऊ शकलेलो नाही.

मराठी माणूस काही चांगलं घडलं की शाल आणि नारळ शोधतो. आम्ही फुटाळ्याच्या पायऱ्यांवर त्याचा सत्कार केला. अध्यक्ष त्याचा नेहमीचा पानठेलेवाला, कारण सगळ्यात जास्त त्याग त्याचा होता. शाल दुकानातल्या पोरांनी आणली. मी प्रास्ताविक केलं. ठेलेवाला म्हणाला, "आमचं गिऱ्हाईक गेलं, पण माणूस वाचला." टाळ्या पडल्या. सत्कारमूर्ती उत्तर द्यायला उभा राहिला आणि त्यानं असं भाषण ठोकलं की सकाळी फिरायला आलेल्या बायकाही थांबून ऐकायला लागल्या. भाषणभर त्याच्या गालात सुपारी होती.

कारण तंबाखू सोडला म्हणजे सादा खर्रा चालतो, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. सुपारी आणि चुना, नुसता घोटलेला, बिनतंबाखूचा. सुपारी काय, आपण देवालाही ठेवतो. ठेलेवाला त्याला आता मायेनं जास्तच घालून द्यायचा. तंबाखूची किक नाही म्हणून मित्र आधीपेक्षा दुप्पट खायचा आणि घरी वहिनी, म्हणजे त्याची बायको, अभिमानानं सांगायच्या, "आता हे नुसती सुपारी खातेत." आम्ही त्या सगळ्या वर्षात एकमेकांच्या पाठी थोपटत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी आम्ही चौपाटीवर पाणीपुरी खायला उभे होतो. त्यानं द्रोणात पडलेली पुरी उचलली, तोडली, पाणी द्रोणात सांडू दिलं, मग पुरीचा तुकडा खाल्ला आणि वरून पाणी प्याला. मी बघत राहिलो. दुसरी पुरीही तशीच.

पाणीपुरीवाला हसायला लागला. "काकाजी, बच्चों जैसा तोड़ के खा रहे?"

"दात ठणकून राहिला बे," मित्र म्हणाला. "तू पाणी टाक."

पण मला आठवायला लागलं. सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर तो हल्ली झणझणीत तर्री नको म्हणत होता. ज्या माणसानं तर्रीवर तर्री मागून गाडीवाल्याला रडवलं, तो नुसते कोरडे पोहे खात होता. थंडीतही तो संत्र्याची फोड सोलून, बी काढून, दोन तुकडे करून तोंडात टाकत होता. आणि कोळीण ओरडायची तेव्हा आता ओठातल्या ओठात ओरडायची.

"आ कर," मी म्हणालो.

"काहून? तू डॉक्टर आहे का?"

"कर तर."

"लोकं पाहून राहिले नं गा."

त्यानं केलं नाही. हसून दाखवलं. ते हसणंही बारीक होतं, पण तेव्हा वाटलं, चेष्टा करतोय.

वहिनींनी मात्र त्याला रामदासपेठेत डॉक्टरांकडे नेलंच, आणि सोबत मला घेतलं, कारण हा एकटा असला की डॉक्टरला हसवून परत यायचा. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला." धडधाकट माणसाची तीन बोटं जातात. मी तिथेच खुर्चीवर बसून करून पाहिलं. माझी गेली. त्याचं एक बोट गेलं. दुसरं दातांशी अडलं. त्यानं ते ढकलून पाहिलं, मग दुसऱ्या हातानं, मग माझ्याकडे बघून डोळा मारला.

"तंबाखू खाता?"

"सोडला डॉक्टरसाहेब!" वहिनी आधी बोलल्या. "सव्वा वर्ष झालं. आता नुसती सुपारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तोंड आवळलं आहे ते सुपारीनंच," ते म्हणाले. "आतली कातडी कडक होते, दोरीसारखी. जे आवळलं ते परत सुटत नाही. सुपारी आत्ता सोडली तर आहे तेवढं टिकवता येईल. आणि गालाला आत एक पांढरा चट्टा आहे. त्याचा तुकडा काढून तपासायला लागेल."

मग मित्र त्या बारीक फटीतून म्हणाला, "म्हणजे शाल वापस करा लागते का?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला हसू आलं आणि वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेर गेलो.

सुपारी त्यानं सोडली. तीही एका दिवसात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असा, की आईस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि रोज त्यात एक वाढवता येते का पाहायचं. पावसाळाभर आम्ही तो उद्योग केला. भर पावसात छत्री धरून दोन पोक्त माणसं काडीसाठी कुल्फी खातायत, आणि एकाला ती खाताच येत नाही म्हणून दुसरा दोन खातोय! माझा घसा बसला. तलाव मात्र भरत होता, पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या, आणि तो काड्या तोंडात धरून बांधावर उभा असायचा. बोलता यायचं नाही म्हणून भुवयांनी बोलायचा. एक काडी वाढली त्या दिवशी त्यानं बांधावर नाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात ती परत कमी झाली. त्यानंतर एक आणखी कमी झाली. त्यानं मग काड्या खिशातून काढणं बंद केलं आणि मीही विचारलं नाही.

चट्ट्याचा तुकडा काढायचं तो पावसाळाभर टाळत होता; शेवटी काढला, आणि रिपोर्ट आला तो वाईट होता.

शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही एकदा चाललो. मी नवीन प्रकरण रचलंच नव्हतं. त्याला कळलं.

"काही नाही लिहिलं का?"

"नाही."

"मग जुनं सांग. ते दारातलं सांग. कोळीण."

मी प्रसंग दिला. ती दारात उभी आहे, तो आत येतो. तो कोळीण बोलला, नवरा बोलला. अर्धे शब्द तुटत होते. मध्येच थांबून म्हणाला, "हे नवऱ्याचं लांब झालं गा. काप." ते पुस्तक छापून चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, हो, कापतो.

गाल आणि जबड्याच्या हाडाचा भाग काढला. छातीवरचं मांस आणून तिथे लावलं. मग रेडिएशन. दिवाळी त्यातच गेली. मालक भला माणूस. बरं वाटल्यावर त्यांनी त्याला परत बोलावलं. तो गादीवर बसला, नाक-तोंडावर पांढरा रुमाल बांधून. साडी अजूनही तशीच उधळायचा, हात तेच होते. पण बायका साडीकडे बघण्याऐवजी रुमालाकडे बघायच्या आणि मग नजर चोरून पलीकडच्या पोराला म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही दाखवा नं." एकदा बस्त्याला आलेल्या आजीनं विचारलं, "याले काय झालं?" त्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आजीच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं. तो उठला, आतल्या खोलीत जाऊन घड्या घालत बसला. लग्नसराई संपल्यावर मालकांनी सांगितलं, आता घरीच आराम करा. तो आराम करतोय.

मला वाटायचं, आता बोलता येत नसलं तरी त्याला माझी वाक्यं ऐकून निदान मान हलवता येईल. हो किंवा नाही. तो मान हलवतो, पण सगळ्यालाच हो. भिकार वाक्यालाही हो. मी मुद्दाम एकदा अतिशय छापील वाक्य म्हणून पाहिलं. हो. त्याला वाईट वाटेल म्हणून मी लिहीत राहतो आणि मला वाईट वाटेल म्हणून तो हो म्हणतो. नव्या कादंबरीतली माणसं त्यामुळे फारशी बोलत नाहीत. दारात उभी राहतात.

गेल्या महिन्यात मानेत गाठ आली. डॉक्टरांनी या वेळी काड्या सांगितल्या नाहीत की ऑपरेशन सांगितलं नाही. दुखणं कमी व्हायचं औषध लिहून दिलं.

तरी सकाळी वहिनी त्याला स्कूटीवर घेऊन येतात. तो पहिल्या बाकावर बसतो. तिथून पुढे त्याच्यानं होत नाही. मग त्यानंच ठरवलं की मी त्या टोकापर्यंत जायचं आणि परत येऊन तिथे काय काय आहे ते सांगायचं. हात पुढे करून तो मला पिटाळतो. मी येऊन सांगतो, आणि सांगताना माझ्यातला जुना पापी जागा होतो. पाणकावळा मासा गिळत होता, इतकं दिसलेलं असतं. मी तो मासा कावळ्याच्या चोचीतून दोनदा सोडवतो. मित्र तळहात उलटा करतो, म्हणजे थाप. पण डोळे 'पुढे' म्हणतात. साडीतली बाई दिसली म्हटलं की तो बोटांनी विचारतो, काठ केवढा, दोन बोटं की चार? पदर भरलेला की साधा? मला या गोष्टी कधी दिसत नसत. आता मी परक्या बायकांचे काठ निरखत फिरतो. एक दिवस मार खाणार आहे.

आज सकाळी त्या टोकाला एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. कॅमेरावाला, छत्री धरणारा, ड्रोन उडवणारा, मुलीची मैत्रीण. मुलगी गर्द जांभळ्या साडीत, काठ चांगला तळहाताएवढा, त्यावर देवळाच्या कळसांची नक्षी, पदर सोनेरी आणि जड, इतका की वाऱ्यातही हलत नव्हता. मी पाठ केलं. कॅमेरावाला मुलाला म्हणाला, एक पाय पाण्याजवळ ठेवा, तिच्याकडे बघा. मुलानं तिच्याकडे बघितलं, शेवाळावर पाय ठेवला आणि शेरवानीसकट कमरेपर्यंत आमच्या समुद्रात गेला. मुलगी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या निऱ्या सुटल्या. यात मला एक अक्षर घालायची गरज नव्हती. असा प्रसंग वर्षातून एकदा मिळतो. मी जवळजवळ पळत परत आलो.

बाक रिकामा होता.

फोन लावला. वहिनींनी घेतला.

"भाऊजी, यायले घरी घेऊन आली मी. मान लय दुखून राहिली होती. तुम्हाले आवाज दिला, तुम्ही दूर होते."

"झोपला का?"

"पडले हायेत. औषध दिलं."

"जागा आहे नं? फोन त्याच्या कानाले लावा जरा. एक मस्त गोष्ट आहे. दोन मिनिटं."

फोन बाजूला गेला. त्यांचं हळू बोलणं ऐकू आलं. मग त्या परत आल्या.

"भाऊजी, आज नको म्हणून राहिले. हातानं."

"बरं."

"उद्या सांगा."

"हो," मी म्हणालो. तो ऐकायला नको म्हणाला होता. आजवर कधीच म्हणाला नव्हता.

मी बाकावर बसलो. जांभळा रंग, कळसांची नक्षी, पदर जड. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. थोड्या वेळानं ती फोटोची मंडळी बांधावरून याच बाजूला आली. मुलगा कुणाची तरी कोरडी जीन्स घालून, वर शेरवानी. मुलगी अजून मधूनमधून हसत होती. कॅमेरावाल्यानं डोळा बारीक करून बाकाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग माझ्याकडे.

"काका," तो म्हणाला, "जरा तिकडे होता का? फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही."

मी उठलो आणि बाजूला झालो.